मुलांचा मायक्रोस्कोप: "काहीच दिसत नाहीये" म्हणाली तर काय बघायचं

वाढदिवसाला मायक्रोस्कोप येतो, पोरगी दोन दिवस घरभर नाचते, मीठ बघते, साखर बघते, आजीचा पांढरा केस बघते, आणि तिसऱ्या दिवशी "काहीच दिसत नाहीये" म्हणून ते यंत्र जे कपाटात जातं ते दिवाळीच्या साफसफाईलाच परत बाहेर येतं. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं. मी कोकणात एका ज्युनियर कॉलेजच्या बायोलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षं असिस्टंट होते, प्रॅक्टिकलच्या आधी तीस तीस मायक्रोस्कोप पुसून, फोकस लावून ठेवायचे, त्यामुळे आता नात्यात कुणाच्याही घरी असा खोका आला की फोन मला येतो. आणि दहातल्या आठ-नऊ वेळेला यंत्र ठणठणीत असतं, फक्त पोराने सगळ्यात मोठी पॉवर लावलेली असते, खालून प्रकाश नीट येत नसतो, आणि बघायला घेतलेली वस्तू जाडजूड असते. हे तीन समजले की नव्वद टक्के काम झालं. तेच जरा सावकाश सांगते.

आधी हे यंत्र करतं काय ते. ह्यात दोन ठिकाणी भिंगं असतात. खाली वस्तूच्या अगदी जवळ असतं ते ऑब्जेक्टिव्ह, आणि वर डोळा लावतो ते आयपीस. ऑब्जेक्टिव्ह वस्तूची मोठी केलेली प्रतिमा नळीच्या आत तयार करतं, आणि आयपीस म्हणजे ती प्रतिमा बघायला धरलेलं साधं बहिर्गोल भिंग, आजोबा पेपर वाचायला धरतात तसलंच. म्हणून दोघांच्या पॉवरचा गुणाकार होतो. आयपीसवर १० लिहिलंय आणि खाली ४ चं ऑब्जेक्टिव्ह आहे तर ४० पट, १० चं असेल तर १०० पट, ४० चं असेल तर ४०० पट. ऑब्जेक्टिव्ह प्रतिमा उलटी पाडतं आणि आयपीस ती सरळ करत नाही, त्यामुळे मुलाने स्लाइड, म्हणजे वस्तू ठेवायची काचेची पट्टी, डावीकडे सरकवली की आतलं चित्र उजवीकडे पळतं. पहिले काही दिवस मुलं ह्याने वैतागतात, पण सायकल शिकल्यासारखं आहे, आठवड्याभरात हात आपोआप उलटा चालायला लागतो.

आता खोक्यावरचा आकडा. बऱ्याच खोक्यांवर १२०० पट असं मोठ्ठं छापलेलं असतं आणि आईबाबा तेच बघून घेतात. पेपरात छापलेला फोटो कधी भिंगाखाली धरून बघा, जवळ गेल्यावर माणसाचा चेहरा जास्त स्पष्ट होत नाही, नुसते ठिपके मोठे होतात, कारण फोटोत मुळात तेवढीच माहिती आहे. मायक्रोस्कोपचंही तसंच. ऑब्जेक्टिव्ह किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्यावर किती बारीक तपशील वेगळा दिसणार ते ठरतं, आणि तो आकडा ऑब्जेक्टिव्हवरच कोरलेला असतो, ४० च्या चांगल्या ऑब्जेक्टिव्हवर ४०/०.६५ असं काहीतरी. त्या ०.६५ ला हजाराने गुणलं की साधारण ६५०, म्हणजे ६५० पटीच्या पुढे कितीही ताणलं तरी नवीन काही दिसत नाही, आहे तेच फुगतं आणि धूसर होतं. खेळण्यातल्या मायक्रोस्कोपवर तर हा आकडा बहुतेक लिहिलेलाच नसतो. तेव्हा १२०० वाल्याला मी विचारतच नाही. नीट दिसणारे १०० पट हे धूसर १२०० पेक्षा मुलासाठी केव्हाही जास्त कामाचे.

आणि पटीवरून आठवलं, नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने १६७४ साली तळ्याच्या पाण्यातले हलणारे जीव बघितले ते एकाच इवल्याशा भिंगातून. त्याने स्वतः बनवलेली जी थोडी यंत्रं आज शिल्लक आहेत त्यातलं सगळ्यात ताकदवान सुमारे २७० पटीचं आहे. म्हणजे तुमच्या पोराच्या हातात आत्ता जे आहे ते कमी नाहीये.

घ्यायचं बाकी असेल तर एवढंच सांगेन. पाच-सहा वर्षांच्या मुलाला स्लाइड, तिच्यावर झाकायची पातळ काच म्हणजे कव्हर स्लिप वगैरे झेपत नाही, त्याला एक चांगलं हातातलं भिंग द्या किंवा २० पटीचा स्टिरिओ मायक्रोस्कोप, त्यात मुंगी, नाणं, पान, अख्खं तसंच खाली ठेवून वरून प्रकाश टाकून बघता येतं आणि चित्रही सुलट दिसतं. आठ-नऊच्या पुढे साधा कंपाउंड, म्हणजे वर सांगितला तो ऑब्जेक्टिव्ह आणि आयपीसवाला, शक्यतो धातूच्या बॉडीचा, काचेच्या भिंगांचा, आपल्याकडे शाळा-कॉलेजात येतात ते पुष्कळसे हरियाणातल्या अंबाल्याहून येतात, तसला बेसिक चालेल. मुंबईत असाल तर प्रिन्सेस स्ट्रीटला लॅबच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे स्लाइड आणि कव्हर स्लिपचे डबे मिळतात. आणि बजेट फारच कमी असेल तर फोल्डस्कोप नावाचा कागदाचा मायक्रोस्कोप आहे, स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश आणि त्यांच्या टीमने बनवलेला, घडी घालून तयार होतो आणि सुमारे १४० पट दाखवतो.

पहिल्या दिवशी कुठे बसवायचा ते महत्त्वाचं. डगमगणारं टेबल नको, गादी नको, फ्रीजच्या शेजारी नको कारण कॉम्प्रेसर सुरू झाला की ४०० पटीला सगळं थरथरतं. खिडकीजवळ बसवा पण अंगावर ऊन येत नाही अशा. आणि इथे एक गोष्ट मी हात जोडून सांगते, आरसावाला मायक्रोस्कोप असेल तर आरसा सूर्याकडे कधीच, म्हणजे कधीच करायचा नाही. ऊन आरशावरून वर येऊन भिंगातून थेट डोळ्यात जातं आणि पडद्याला जी इजा होते ती भरून येत नाही, बरं त्या वेळी दुखतही नाही त्यामुळे मूल डोळा बाजूला घेत नाही. आरसा उजळ आकाशाकडे करा, पांढऱ्या भिंतीकडे करा, टेबल लॅम्पच्या समोर पांढरा कागद धरून त्या कागदाकडे करा. मुलाला हे पहिल्या मिनिटाला सांगायचं आणि त्याच्याकडून परत म्हणवून घ्यायचं.

पहिली वस्तू म्हणून मी कांदा घेत नाही. पेपरातलं एक अक्षर कापते, बारीक टाइपातला 'क' बरा, स्लाइडवर ठेवून वर एक थेंब पाणी, वर कव्हर स्लिप. सगळ्यात लहान ऑब्जेक्टिव्ह लावायचं, ते नीट टक् करून बसलं पाहिजे, अर्धवट फिरलेलं राहिलं की नुसता काळोख दिसतो आणि अर्ध्या तक्रारी ह्याच असतात. स्लाइड ठेवतो तो सपाट भाग म्हणजे स्टेज, अक्षर त्याच्या भोकाच्या बरोब्बर मध्ये आहे का ते बाहेरून बघायचं. मग डोळा लावायच्या आधी, बाजूने बघत बघत, ऑब्जेक्टिव्ह स्लाइडच्या जवळ आणायचं, टेकवायचं नाही. आता डोळा लावायचा आणि मोठा नॉब फिरवायचा तो फक्त लांब नेण्याच्या दिशेने, अगदी हळू, कुठेतरी ते अक्षर धुक्यातून येतं तसं वर येतं. जवळ नेत नेत फोकस करायला गेलं की डोळा आत असतो, स्लाइड दिसत नाही, आणि कचकन आवाज आल्यावरच कळतं. लॅबमध्ये दरवर्षी पहिल्या महिन्यात डझनावारी कव्हर स्लिपा अशाच जायच्या.

दुसरा डोळा मिटायचा नाही. मिटला की चेहरा आवळतो आणि पाच मिनिटांत कपाळ दुखतं. उघडाच ठेवायचा, सुरुवातीला जमत नसेल तर त्यावर तळहाताचा आडोसा करायचा, मेंदू दोन-तीन दिवसांत त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. चष्मा असेल आणि नुसता जवळचा-लांबचा नंबर असेल तर चष्मा काढूनही चालतं, फोकसचा नॉब तो नंबर भरून काढतो, तिरका म्हणजे सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर मात्र चष्मा ठेवा.

४० पटीला स्पष्ट दिसलं, हवी ती जागा बरोब्बर मधोमध आणली, की मगच पुढची पॉवर. मधोमध का, तर पॉवर वाढली की दिसणारा भाग लहान होतो. ४० पटीला समजा ४ मिलिमीटर रुंदीचा गोल दिसतोय तर ४०० पटीला फक्त ०.४ मिलिमीटर दिसणार, कडेला असलेली वस्तू सरळ बाहेर गेली. प्रकाशही कमी होतो कारण शंभरावा हिस्सा जागेचा प्रकाश तेवढ्याच गोलात पसरवायचा असतो. आणि पॉवर बदलल्यावर मोठा नॉब धरायचाच नाही, फक्त लहान नॉब, पाव-अर्धा वळसा. ४० चं ऑब्जेक्टिव्ह फोकसला असताना त्याच्या टोकात आणि काचेत जेमतेम अर्धा मिलिमीटर जागा असते, मोठ्या नॉबचा एक धक्का म्हणजे काच गेली.

आता प्रकाश. ह्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते कारण हे कुणी सांगतच नाही. मुलाला वाटतं जितका उजेड जास्त तितकं चांगलं दिसणार. पण आपण बघतो त्या बहुतेक जिवंत गोष्टी पाण्यासारख्या पारदर्शक असतात, त्या दिसतात त्या फक्त कडांमुळे, कडेला प्रकाश थोडा वाकतो आणि तिथे गडद रेघ पडते. उन्हात आपली सावली कशी ठळक पडते आणि ढगाळ दिवशी पडतच नाही, कारण ढगाळ दिवशी प्रकाश सगळीकडून येतो आणि सावली भरून टाकतो, अगदी तेच इथे होतं. प्रकाश रुंद कोनातून सगळीकडून आला की त्या बारीक रेघा भरून जातात आणि जीव गायब. स्टेजच्या खाली एक फिरणारी चकती असते, लहानमोठ्या भोकांची, काहींमध्ये कॅमेऱ्यासारखी उघडमीट करणारी पाकळ्यांची झडप असते, तिला डायफ्रॅम म्हणतात. लहान भोक लावलं की प्रकाश अरुंद होऊन येतो आणि कडा एकदम उठून दिसतात. फार लहान केलं तर सगळ्याला दुहेरी जाड काळ्या कडा येतात, मग एक भोक मागे. दर स्लाइडला, दर पॉवरला हे परत जुळवायचं असतं. भाचीला फोनवर मी फक्त एवढंच सांगितलं होतं, ती चकती फिरव, आणि पलीकडून ती जी ओरडली! डबक्याच्या पाण्यात अर्धा तास तिला काही दिसत नव्हतं आणि ते सगळे तिथेच पोहत होते.

मग कांदा. कांद्याच्या जाड पाकळीच्या आतल्या बाजूला जो पारदर्शक पापुद्रा असतो तो चिमट्याने ओढायचा, वरची सालं नव्हे. नखाएवढा तुकडा पाण्याच्या थेंबात पसरायचा, सुरकुती किंवा दुमड नको, दुमडला की दोन थर होतात आणि विटांवर विटा दिसतात. कव्हर स्लिप वरून आपटायची नाही, एक कड थेंबाला टेकवून तिरकी धरायची आणि हळूच आडवी करायची, म्हणजे हवा बाहेर जाते. तरी बुडबुडे राहतातच, आणि प्रत्येक मूल पहिल्यांदा बुडबुडाच बघून "पेशी दिसली" म्हणतं. बुडबुडा अगदी गोल असतो, कड जाड काळी आणि आत रिकामं. ज्यादा पाणी टिश्यूच्या कोपऱ्याने टिपून घ्यायचं, नाहीतर कव्हर स्लिप तरंगत राहते. आणि कव्हर स्लिप लावायचीच, ४० चं ऑब्जेक्टिव्ह ०.१७ मिलिमीटर जाडीची काच मध्ये आहे असं धरूनच बनवलेलं असतं, शिवाय ती नसेल तर ऑब्जेक्टिव्ह थेट थेंबात बुडतं.

आत केंद्रक बघायचं तर रंग लागतो. घरातलं जखमेवर लावायचं आयोडिन, बीटाडीनसारखं, पाण्यात पातळ करून एक थेंब कव्हर स्लिपच्या एका कडेला ठेवायचा आणि समोरच्या कडेला टिश्यू लावायचा, तो पाणी ओढतो आणि रंग आपोआप पापुद्र्याखाली सरकतो. बटाटा सुरीने खरवडून त्या पाण्याला हेच आयोडिन लावलं तर पिठाचे दाणे निळेकाळे होतात, ते आधी रंगाशिवाय बघा, लंबगोल दाण्यांवर शिंपल्यासारखी वलयं दिसतात. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने हलकं खरवडून पेशी काढल्या तर त्यांना मिथिलीन ब्लू चांगलं, शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतं, पण कपड्यांवर पडलं की जात नाही. रक्त मात्र घरी नको, सुई टोचून घेऊन बघण्याएवढं काही अडलेलं नाही.

माझी सगळ्यात आवडती स्लाइड मात्र वेगळी आहे. ऱ्हिओ नावाचं झाड असतं, सोसायटीच्या कुंपणाला लावतात, पान वरून हिरवं आणि खालून जांभळं. पान तिरकं फाडलं की खालच्या बाजूचा जांभळा पापुद्रा सुटतो. त्यात जांभळ्या पेशींच्या फरशीमध्ये मधूनमधून घेवड्याच्या दाण्यासारख्या दोन दोन हिरव्या पेशी समोरासमोर बसलेल्या दिसतात आणि त्यांच्यामध्ये फट, ते पर्णरंध्र, पानाचं नाक म्हणा. आता कडेने मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा, वर सांगितलं तसा टिश्यूने ओढून, आणि बघत राहायचं. दोन-तीन मिनिटांत पेशीतला जांभळा भाग भिंतीपासून सुटून आत आकसायला लागतो. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की सकाळी पातेल्यात पाणी साचलेलं असतं ना, ते नक्की काय झालं ते इथे डोळ्यासमोर घडताना दिसतं, बाहेर मीठ जास्त म्हणून आतलं पाणी बाहेर. लगेच साधं पाणी सोडलं तर पुष्कळ पेशी परत भरतात. मीठ लावणाऱ्या आजीलाही हे दाखवा. झाडाच्या चिकाने हाताला खाज येते तेवढे हात धुवा.

डबक्याचं पाणी आणायचं तर वरवरचं स्वच्छ पाणी आणून उपयोग नाही, तळातला गाळ, सडलेली पानं, शेवाळाचे तंतू ह्यात जीव असतात. फ्लॅटमध्ये राहत असाल तर कुंडीखालच्या ताटलीतलं पाणीसुद्धा चालतं, किंवा वाळलेलं गवत, पेंढा, बरणीत पाण्यात घालून चार-पाच दिवस सावलीत ठेवा, वास येईल, पण त्यात पोहणारे एकपेशीय जीव येतात. पॅरामेशियम मिळालं तर ०.२ ते ०.३ मिलिमीटरचं असतं, १०० पटीला छान दिसतं पण इतकं जोरात पळतं की मुलं रडकुंडीला येतात, तेव्हा कापसाचे चार-पाच तंतू विंचरून थेंबात ठेवायचे, ते त्या जाळीत अडतं. आणि ती बरणी उघडी ठेवू नका, वर मलमलचा तुकडा आणि रबरबँड. डेंग्यूचा डास अशाच घरातल्या साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडतात. काम झालं की पाणी मातीत ओतायचं, हात साबणाने.

जास्वंदीचे परागकण कोरडेच स्लाइडवर झटका, पाणी नको, वरून टेबल लॅम्प, काटेरी लाडू दिसतात. मेलेल्या फुलपाखराच्या पंखाची पावडर म्हणजे कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले. ब्रेडवरची बुरशी बघायची असेल तर बाहेर गॅलरीत, तोंडावर मास्क लावून, घरात कुणाला दमा असेल तर ती बघूच नका. अख्खी मुंगी ४०० पटीला लावू नका, खालून येणारा प्रकाश तिच्यातून जातच नाही म्हणून ती काळा डोंगर दिसते, तिला ४० पट आणि वरून उजेड.

मुलं एक प्रश्न विचारतातच, "पण हे खरं केवढं आहे?" त्याचं उत्तर घरातल्या पारदर्शक प्लास्टिक पट्टीत आहे. सगळ्यात लहान पॉवरला पट्टी स्टेजवर ठेवून गोलात किती मिलिमीटर मावतात ते मोजा. ४ मावले आणि कांद्याच्या पेशी लांबीच्या बाजूने त्या गोलात १६ मोजल्या, तर एक पेशी ०.२५ मिलिमीटर. तेवढं गणित चौथी-पाचवीचं मूल करतं, आणि "मी पेशी मोजली" ही गोष्ट ते सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटतं. वहीत चित्र काढायला लावा, पेन्सिलने, बाजूला तारीख आणि पॉवर. मोबाइलने आयपीसमधून फोटो येतो, कॅमेरा आयपीसपासून एक-दीड सेंटिमीटरवर धरून थोडा पुढेमागे केला की गोल उजळ होतो. पण आधी चित्र आणि मग फोटो, कारण चित्र काढताना मूल खरं बघतं.

आता काळजी. भिंगाला बोट लागू द्यायचं नाही, लागलं तर शर्टाच्या टोकाने पुसायचं नाही, कापडात अडकलेला धुळीचा कण काचेवर ओरखडा पाडतो आणि ओरखडा कायमचा. आधी रबराच्या फुग्याने हवा मारायची, तोंडाने फुंकलं की थुंकीचे कण जातात. मग मऊ ब्रश. एवढ्याने गेलं नाही तरच लेन्स टिश्यूवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा किंचित ओलावा घेऊन मधून बाहेर गोल गोल फिरवत पुसायचं, थेंब थेट भिंगावर टाकायचा नाही, भिंग धरून ठेवणारा गोंद सुटू शकतो. नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही नको, त्यातल्या ॲसिटोनने प्लास्टिकचं भिंग पांढरं पडतं. डाग कुठे आहे हे ओळखायची युक्ती सोपी आहे, आयपीस फिरवा, डाग फिरला तर आयपीसवर, स्लाइड सरकवल्यावर सरकला तर स्लाइडवर, दोन्हीने हलला नाही आणि सगळंच धुरकट आहे तर बहुतेक ऑब्जेक्टिव्हच्या टोकाला काहीतरी लागलंय. ४० चं ऑब्जेक्टिव्ह ओलं झालं तर त्याच मिनिटाला टिपा, वाळू देऊ नका, तळ्याच्या पाण्याचे क्षार बसले की त्रास होतो. आयपीस काढून नळी उघडी ठेवू नका, धूळ आत जाते आणि मग ती बाहेरून निघत नाही.

आणि पाऊस. घाटावर एवढं जाणवत नसेल, कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर मायक्रोस्कोपचा खरा शत्रू म्हणजे बुरशी. हवेतला ओलावा ७० टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहिला की भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात, आणि वेळीच काढले नाहीत तर त्यांच्या आम्लाने काचेवरचा थर आणि मग काच खाल्ली जाते. ज्या कॉलेजमध्ये मी होते तिथे एका पावसाळ्यात नवे कोरे सहा मायक्रोस्कोप प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून लाकडी कपाटात ठेवले होते, ऑक्टोबरात काढले तर चार जणांच्या आयपीसमध्ये बुरशी. पिशवीने ओलावा आतच कोंडला होता. मला अजून ते कपाट उघडल्याचं आठवतं.

म्हणून मे महिन्याच्या शेवटी हे करा. कोरड्या दिवशी पुसून घ्या, मग झाकण घट्ट बसणाऱ्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसकट ठेवा, बुटांच्या खोक्यात येतात त्या दोन पुड्या पुरत नाहीत, पाव किलोचं पाकीट आणून जुन्या मोज्यात बांधून ठेवा. नारिंगी रंगाचं घ्या, निळ्यात कोबाल्टचं मीठ असतं ते लहान मुलांच्या घरात नको. रंग बदलला की ते ओलाव्याने भरलं, ओव्हनमध्ये १०० ते १२० डिग्रीला दोन-तीन तास तापवून पूर्ण गार करून परत वापरा. अख्खा मायक्रोस्कोप मावत नसेल तर निदान आयपीस आणि ऑब्जेक्टिव्ह काढून वाण्याकडच्या हवाबंद बरणीत ठेवा आणि नळीची भोकं कागदाने बंद करा. पावसाळ्यात वापरूच नका असं मी म्हणत नाही, तेव्हाच तर सगळं बघण्यासारखं असतं, फक्त वापरून झाला की उघड्यावर ठेवायचा नाही. उन्हात मात्र भिंगं वाळत घालू नका, बहिर्गोल भिंग ऊन एकवटून खालचं कापड जाळू शकतं.

बारीकसारीक राहिलं ते. महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढा, फुटून पाणी झालं की पत्र्या गंजतात. गोल चपटा बटण सेल असेल तर त्याचं झाकण स्क्रूचं आहे का बघा, घरातल्या धाकट्याने तो गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते, वाट न बघता हॉस्पिटल. उचलताना एक हात मागच्या मानेला, एक हात तळाखाली. ठेवताना सगळ्यात लहान ऑब्जेक्टिव्ह खाली आणि स्टेज लांब. नळी आपोआप खाली सरकत असेल तर बऱ्याच धातूच्या मॉडेलमध्ये दोन्ही बाजूचे मोठे नॉब हातात धरून एकमेकांच्या उलट दिशेने पिळले की घट्टपणा वाढतो. शिलाई मशीनचं तेल घालू नका, ते ओघळून भिंगापर्यंत जातं आणि धूळ धरतं. फुटलेल्या कव्हर स्लिपा कागदात गुंडाळून, वर "काच" लिहून टाका, कचरा उचलणाऱ्या बाईच्या हाताला ती इतकी पातळ काच दिसत नाही.

शेवटची एक स्लाइड सांगते, ती आत्तापासून तयार करून ठेवावी लागते. पावसात कुंपणाच्या भिंतीवर हिरव्या मखमलीसारखं जे उगवतं आणि उन्हाळ्यात वाळून तपकिरी होतं, त्याचा आगपेटीएवढा तुकडा वाळलेला असतानाच खरवडून कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. हवं तेव्हा तो वाटीत उलटा ठेवून पाण्यात भिजत घाला, रात्रभर. सकाळी तो वाटीत पिळून काढा, खाली बसलेला गाळ ड्रॉपरने उचला, ४० पट, डायफ्रॅम लहान. वाळलेल्या अवस्थेत महिनोन् महिने पडून राहिलेले जीव पाण्याने परत हलायला लागतात. आधी तोंडाशी चक्र फिरल्यासारखं दिसणारे रोटिफर दिसतील, ते सहज मिळतात. आणि पाच-सहा थेंब चिकाटीने चाळले, निरनिराळ्या भिंतींवरचे तुकडे आणले, तर अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, आठ आखूड पायांचं, डुलत डुलत चालणारं पाणअस्वल. भाचीला ते सातव्या भिंतीवर मिळालं.